‘असं म्हणतात’पासून ‘बहुतेक शेतकरी असेच’पर्यंत: वॅलेसचं ‘रशिया’ वाचताना



पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये ‘संशोधन पद्धती’ हा पेपर आपल्या सगळ्यांनाच असतो. निरीक्षण, मुलाखत, नमुना निवड, पूर्वग्रह यांच्या व्याख्या आपण पाठ करतो, पेपरात लिहितो आणि महिन्याभरात विसरतो. मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. आमच्याकडे पूर्वग्रह म्हटलं की उपकरणाचा दोष एवढंच डोळ्यांसमोर येतं. पण माणसांबद्दल केलेलं निरीक्षण कुठे घसरतं हे बघायचं असेल, तर माझ्या मते एखादं जुनं, चांगलं प्रवासवर्णन घेऊन बसावं. प्रवासी लेखक ‘पद्धती’ नावाचं वेगळं प्रकरण लिहीत नाही, पण कुणाशी बोललो, कुठे राहिलो, काय नुसतं कानावर आलं हे गप्पांच्या ओघात सांगत जातो. आपण फक्त नोंद ठेवायची.

‘चांगलं’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. वाईट पुस्तकातल्या चुका कुणालाही दिसतात. चांगल्या पुस्तकातल्या चुका आपल्याच चुकांसारख्या असतात. म्हणून आज डोनाल्ड मॅकेन्झी वॅलेस याच्या ‘रशिया’ या पुस्तकाबद्दल लिहिते आहे.

माणूस आणि पुस्तक

वॅलेस स्कॉटलंडचा, जन्म 1841. एडिनबर्ग, बर्लिन, हायडेलबर्ग अशा ठिकाणी शिकलेला. 1870 साली एका ओळखीच्या माणसाच्या निमंत्रणावरून तो रशियात गेला. मनात खरं तर कॉकेशसमधल्या ओसेट लोकांचा अभ्यास करायचा होता. तो बाजूला राहिला आणि खुद्द रशियाच विषय झाला. (विषय बदलल्यामुळे ज्यांची झोप उडाली आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं.) काही महिन्यांसाठी गेलेला माणूस मार्च 1870 ते डिसेंबर 1875 असा जवळजवळ सहा वर्षं राहिला. 1877 च्या सुरुवातीला पुस्तक दोन खंडांत आलं. त्याच वर्षी रशिया-तुर्कस्तान युद्ध पेटलं, त्यामुळे इंग्लंडात रशियाबद्दल वाचायची भूक होतीच. पुस्तकाच्या आवृत्त्या निघाल्या, भाषांतरं झाली, आणि 1905 मध्ये वाढवलेली सुधारित आवृत्तीही आली.

त्याच्या आधीचे दोन प्रवासी बघितले की वॅलेसचं मोल कळतं. फ्रेंच सरदार मार्की द कुस्तीन 1839 च्या उन्हाळ्यात रशियात गेला, काही महिन्यांत परतला आणि 1843 मध्ये त्याने अख्ख्या देशावर निकाल देणारं पुस्तक छापलं. जर्मन बॅरन हाक्स्टहाउझेन 1843-44 मध्ये फिरला आणि त्याने रशियातली ‘मिर’ ही ग्रामसंस्था युरोपला ओळखीची करून दिली. वॅलेस या दोघांपेक्षा कितीतरी जास्त काळ राहिला आणि रशियन भाषा शिकला. ती शिकण्यासाठी तो पीटर्सबर्गच्या दिवाणखान्यात बसला नाही. नोव्हगोरोद प्रांतातल्या इव्हानोव्का नावाच्या खेड्यात जाऊन राहिला. तिथे आजारी पडला, गावच्या वैद्यकीय मदतनिसाकडून औषध घेतलं, आणि गावच्या पाद्र्याकडून भाषा शिकला.

म्हणजे क्षेत्रकार्याच्या आपल्या बहुतेक अटी हा माणूस पूर्ण करतो. तरी त्याच्या पुस्तकातल्या रशियन धर्मजीवनाच्या भागात एक गंभीर गडबड आहे. ती कुठे होते आणि कुठे होत नाही, हे दोन्ही बघू.

पाद्र्याबद्दल तो इतकं नीट का लिहितो?

ज्या पाद्र्याकडून तो भाषा शिकला, त्याला गावकरी ‘बात्युश्का’ म्हणायचे. साधारण आपल्या ‘बाबा’सारखं संबोधन. या बाबाशी वॅलेस रोज गप्पा मारायचा. एकदा त्याने विचारलं, तुमचं लग्न कसं झालं? उत्तर असं की ते बिशपने जमवलं. वरवर ही गंमत वाटते. पण वॅलेस तिथे थांबत नाही. तो त्यामागची सगळी यंत्रणा उलगडतो.

रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये धर्मसेवकांचे दोन वर्ग होते. ‘काळे’ म्हणजे मठवासी संन्यासी, आणि ‘पांढरे’ म्हणजे गावोगावचे संसारी पाद्री. बिशप फक्त मठवासींतून व्हायचा. गावच्या पाद्र्याला दीक्षेआधी लग्न करावं लागे, आणि बायको वारली तर दुसरं लग्न करता येत नसे. पाद्र्याचा मुलगा पाद्री, अशी जवळजवळ जातच तयार झाली होती. गावचा पाद्री वारला की त्याची विधवा आणि मुली उघड्यावर पडत. मग बिशप नव्या उमेदवाराचं लग्न त्यातल्या एका मुलीशी लावून द्यायचा. जागाही भरली आणि कुटुंबही सांभाळलं गेलं. ही जागा घराण्यात ठेवण्याची चाल 1867 च्या कायद्याने मोडली आणि 1869 मध्ये पाद्र्यांच्या मुलांना त्या वर्गातून बाहेर पडायची वाट मोकळी झाली. वॅलेस पोहोचला तो याच्या लगेच नंतर, म्हणजे त्याला दिसलेला पाद्री जुन्या व्यवस्थेतच वाढलेला होता.

पैशाचंही तसंच. गावच्या पाद्र्याचं पोट बरंचसं विधींच्या दक्षिणेवर चाले. बारसं, लग्न, अंत्यविधी, प्रत्येक ठिकाणी शेतकऱ्याशी घासाघीस. गावकरी त्याला लोभी म्हणत. वॅलेस त्याला लोभी म्हणून सोडून देत नाही. तो दाखवतो की व्यवस्थाच अशी आहे की पाद्र्याने घासाघीस केली नाही तर चूल पेटणार नाही. रशियातल्याच एका खेडवळ पाद्र्याने, बेल्युस्तिनने, हेच दुखणं लिहिलं होतं. 1858 मध्ये त्याचं ते लेखन देशाबाहेर छापावं लागलं आणि त्यावरून बराच गहजब झाला. आपल्या काळात ग्रेगरी फ्रीझ या इतिहासकाराने कागदपत्रांवरून पाद्री वर्गाचा सविस्तर अभ्यास केला, त्यातही हे चित्र ओळखीचं वाटतं.

इथवर वॅलेसला पैकीच्या पैकी गुण. वागणूक पाहिली, कारण विचारलं, कारण संस्थेत शोधलं.

शेतकऱ्याकडे वळताना काय होतं

त्याच प्रकरणात पुढे तो शेतकऱ्यांच्या धर्माकडे वळतो. म्हणतो, हे लोक चर्चला नेमाने जातात, रस्त्यात चर्च दिसलं की छातीवर क्रूसाची खूण करतात, बुधवार-शुक्रवार आणि मोठे उपवास कडक पाळतात, यात्रेला जातात. पण धर्माच्या सिद्धांताबद्दल मात्र ते पूर्ण अज्ञानी आहेत. पुरावा म्हणून एक किस्सा येतो. एका पाद्र्याने शेतकऱ्याला विचारलं, पवित्र त्रैक्यातल्या तीन व्यक्ती कोणत्या? अपेक्षित उत्तर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. शेतकरी क्षणभरही न अडखळता म्हणाला, तारणारा येशू, देवमाता आणि चमत्कार करणारे संत निकोलस!

किस्सा झकास आहे, एकदा वाचला की विसरत नाही. पण आता पेन्सिल हातात घ्या आणि तीन गोष्टी तपासा.

पहिली, हे वॅलेसने पाहिलं आहे का? नाही. तो स्वतःच ‘असं म्हणतात’ या अर्थाचा शब्दप्रयोग करतो. गाव नाही, साल नाही, पाद्र्याचं नाव नाही. सुशिक्षितांच्या बैठकीत फिरणारा विनोद असावा असाच त्याचा घाट आहे.

दुसरी, पुढच्याच वाक्यात काय होतं? हे उत्तर शेतकऱ्यांच्या फार मोठ्या वर्गाच्या ज्ञानाचं बऱ्यापैकी प्रतिनिधित्व करतं, असं तो म्हणतो. एक ऐकीव उत्तर, आणि त्यावर लाखो माणसांबद्दलचा निष्कर्ष. आपण शोधनिबंधात असं लिहिलं तर गाईड पहिल्याच वाचनात लाल रेघ मारतील.

तिसरी, त्याच्या पाठोपाठ आणखी तीन उदाहरणं येतात. एक दरोडेखोर वाटसरूचा खून करतो, पण गाडीत सापडलेलं मांस उपवास आहे म्हणून खात नाही. एक कारागीर चोरीला निघताना आधी चर्चमध्ये जाऊन संतांकडे यश मागतो, आणि त्या चोरीत माणूस मारतो. एक चोर चर्चमधल्या पवित्र चित्रावरची रत्नं निघत नाहीत म्हणून संतालाच मेणबत्त्यांचा नवस बोलतो. वॅलेस प्रामाणिक आहे, ही टोकाची उदाहरणं आहेत हे तो कबूल करतो. पण लगेच म्हणतो की यातून दिसणारी वृत्ती सौम्य रूपात सगळीकडे आहे, आणि ती वृत्ती म्हणजे धर्माला जादूसारखं परिणाम करणाऱ्या विधींचा ढीग समजणं.

आमच्या प्रयोगशाळेच्या भाषेत सांगायचं तर ज्या परीक्षानळीत रंग बदलला तेवढ्याच नळ्या इथे मोजल्या आहेत. उपवासाच्या दिवशी मांस खाणारे दरोडेखोर किती होते? त्यांचा किस्सा कुणी सांगत नाही, कारण त्यात किस्सा नाही. विचित्र म्हणूनच जी गोष्ट कानापर्यंत पोहोचली, तिच्यावरून सर्वसाधारण वृत्ती काढता येत नाही.

ते उत्तर चुकीचं होतं की प्रश्न?

समजा तो किस्सा खराच घडला. तरी त्याचा अर्थ वॅलेस लावतो तोच लागतो का?

रशियन शेतकऱ्याच्या घरात एक कोपरा पवित्र चित्रांसाठी राखलेला असे. लाकडी फळीवर रंगवलेली ही चित्रं, त्यांना आयकॉन म्हणतात. आत येणारा माणूस आधी त्या कोपऱ्याकडे बघून क्रूसाची खूण करायचा, मग घरच्यांशी बोलायचा. त्या फळीवर हमखास दिसणारे तिघे कोण? येशू, देवमाता आणि संत निकोलस. आणि ‘त्रैक्य’ हा शब्द शेतकऱ्याच्या कानावर जास्त कसा पडायचा? एका सणाचं नाव म्हणून. ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी येणारा हा सण, त्या दिवशी घरं आणि चर्च बर्चच्या हिरव्या डहाळ्यांनी सजवतात.

म्हणजे त्या माणसाने ज्या तिघांची नावं घेतली, ते त्याच्या घरात रोज समोर असलेले तिघे होते. त्याने प्रश्नोत्तराच्या पुस्तकातला प्रश्न आपल्या कोपऱ्यावरून सोडवला. सिद्धांताच्या परीक्षेत तो नापास झाला हे खरं. पण त्याच्या धर्मजीवनाबद्दल त्या उत्तरात बरीच माहिती आहे: प्रार्थना कुणाला करतो, संकटात कुणाकडे बघतो. वॅलेसने ते उत्तर ‘अज्ञान’ या खणात टाकलं आणि माहिती हातची गेली. ऑर्थोडॉक्स परंपरेत विधी, चित्र, उपवास, सण यांतूनच श्रद्धा जगली जाते. तिथे फक्त सिद्धांताचं पाठांतर मोजणं म्हणजे द्रवाचं तापमान मोजपट्टीने मोजण्यासारखं आहे.

अलीकडच्या अभ्यासकांनी वेगळी साधनं वापरली. व्हेरा शेव्हत्सोव्ह यांनी पुरालेखांतून, गावकऱ्यांनी चर्चच्या अधिकाऱ्यांकडे केलेल्या अर्जांसारख्या कागदांतून हे जीवन वाचलं. छोटी प्रार्थनास्थळं, सण, आयकॉनच्या मिरवणुका यांबद्दल हेच ‘अज्ञानी’ लोक हट्टाने भांडतात, स्वतःची बाजू मांडतात. मिरवणुकीत आयकॉन डोक्यावरून जावा म्हणून वाकणारी बाई वॅलेसलाही दिसते. फरक एवढाच की तो तिला उदाहरण म्हणून वापरतो, पाद्र्यासारखं तिला ‘का?’ असं विचारल्याचं तिथे दिसत नाही.

मोलोकानी: सगळ्यात महत्त्वाचा धडा

पुस्तकात पुढे वॅलेस व्होल्गा नदीपलीकडे समारा प्रांतात मोलोकानी पंथाच्या शेतकऱ्यांना भेटतो. हे लोक आयकॉन मानत नाहीत, चर्चची उतरंड मानत नाहीत, बायबल स्वतः वाचतात. सरकारच्या धाकामुळे परक्याशी मोकळं बोलत नाहीत. मग वॅलेस एक युक्ती करतो. आधी पाऊसपाणी, पिकं. मग स्कॉटलंडमधलं पाऊसपाणी, पिकं. तिथून हळूच स्कॉटलंडमधलं प्रेस्बिटेरियन चर्च. मुंबईच्या विल्सन कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते जॉन विल्सन याच स्कॉटिश परंपरेतले मिशनरी, म्हणून हे नाव आपल्याला अगदीच अनोळखी नाही. जिथे बिशप नाहीत, चित्रांची पूजा नाही, आणि दरवर्षी प्रतिनिधी जमून धर्माच्या गोष्टींवर उघड चर्चा करतात असा देश आहे, हे ऐकून ते शेतकरी थक्क व्हायचे आणि प्रश्नांची सरबत्ती करायचे. मग तेही बोलायला लागायचे.

विश्वास मिळवण्याची ही पद्धत सुंदर आहे, पण तिची किंमत आहे. तुम्ही आधी स्वतःचं चर्च वर्णन करून दाखवलंत, तर समोरचा त्याच चौकटीत उत्तरं देणार. त्यांच्यात आणि प्रेस्बिटेरियनांमध्ये साम्य दिसलं, तर त्यातलं किती मुळात होतं आणि किती प्रश्नाने घडवलं, हे वेगळं करता येत नाही. आम्ही कोणतंही मापन करताना आधी ‘ब्लँक’ घेतो, म्हणजे पदार्थ न घालता उपकरण काय दाखवतं ते बघतो. इथे ब्लँक घेतलेलाच नाही. तरी वॅलेसचं एक ऋण मानायला हवं: आपण काय केलं हे त्याने लपवलं नाही, म्हणून दीडशे वर्षांनी आपण ते तपासू शकतो.

आता खरी मेख. या मोलोकानींचे सिद्धांतही पक्के नव्हते, हे वॅलेस स्वतः लिहितो. त्यांचं धर्मशास्त्र अजून पातळ, न गोठलेलं आहे. का? तर म्हणे त्यांना उघड चर्चा, लिखित मतपत्र, सभा यांची संधीच मिळाली नाही.

थांबा आणि मागे जा. ऑर्थोडॉक्स शेतकऱ्याला सिद्धांत नीट येत नाही, कारण त्याची वृत्तीच तशी. मोलोकानी शेतकऱ्याला सिद्धांत नीट येत नाही, कारण त्याची परिस्थिती तशी. निरीक्षण बरंच सारखं, देशही तोच, बरेचदा वर्गही तोच. स्पष्टीकरण मात्र दोन जातींचं. जो आपल्यासारखा वाटला आणि ज्याच्याशी तासन्‌तास बोललो, त्याला परिस्थिती मिळाली. ज्याच्याबद्दल फक्त किस्से ऐकले, त्याला स्वभाव मिळाला. पाद्र्यालाही परिस्थिती मिळाली होती, तोही रोज भेटणारा होता.

कुणी म्हणेल, व्हिक्टोरियन माणसाला आजच्या मापाने कशाला मोजायचं? रास्त शंका आहे. पण मी त्याला त्याच्याच मापाने मोजते आहे. पाद्र्याच्या बाबतीत जे त्याला जमलं, तेच काही पानांनंतर त्याने केलं नाही. त्याच्याकडे पद्धत होती, ती त्याने सगळ्यांना सारखी लावली नाही.

‘सहा वर्षं’ म्हणजे नक्की किती?

अजून एक बारीक गोष्ट. पहिल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत वॅलेस सांगतो की हिवाळे बहुतेक पीटर्सबर्ग, मॉस्को, यारोस्लाव्हल अशा शहरांत गेले आणि उन्हाळ्यात देशभर भटकंती झाली. माहिती देणाऱ्यांच्या यादीत स्थानिक अधिकारी, जमीनदार, व्यापारी, पाद्री आणि शेवटी शेतकरी आहेत.

आता ऑर्थोडॉक्स पंचांग डोळ्यांसमोर आणा. ईस्टरआधीचा मोठा उपवासकाळ हिवाळा सरताना सुरू होतो. वर्षातून एकदा करायचं पापनिवेदन बहुतेक गावकरी त्याच काळात करायचे. मग ईस्टर. खेड्यातल्या धर्मजीवनाचा हा कळस. उन्हाळ्यातही उपवास आणि सण आहेत, पण तो शेतीच्या कामाचा धबडगा. म्हणजे ‘सहा वर्षं’ हा आकडा कितीही भारदस्त असला, तरी खेड्यातली सहा वर्षं म्हणजे मुख्यतः खेड्यातले उन्हाळे. आपणही प्रबंधात ‘तीन वर्षांचं क्षेत्रकार्य’ असं लिहितो. कोणत्या महिन्यांत, किती दिवस, कुणाच्या ओळखीने, हे लिहायला विसरू नका.

हे एवढं खोलात जाऊन का बघायचं? कारण असा निरीक्षक पुस्तक लिहून घरी बसत नाही. वॅलेस 1884 ते 1889 या काळात भारतात व्हाइसरॉयचा खाजगी सचिव होता, आधी डफरिन आणि मग लॅन्सडाउन यांचा. 1890-91 मध्ये रशियाचा युवराज निकोलस भारतात आला तेव्हा वॅलेस त्याच्याबरोबर राजकीय अधिकारी म्हणून फिरला. नंतर तो लंडनच्या ‘द टाइम्स’च्या परदेश विभागाचा प्रमुख झाला. एखाद्या समाजाच्या ‘वृत्ती’बद्दलचं वाक्य अशा माणसाच्या लेखणीतून उतरलं की ते राज्यकर्त्यांच्या आणि संपादकांच्या टेबलावर जातं. परिस्थिती बदलता येते असं आपण मानतो. वृत्ती म्हटलं की विषय संपतो.

तुमच्यासाठी काम

वॅलेसचं पुस्तक वाचू नका असं मी मुळीच म्हणत नाही. पाद्र्याचं प्रकरण आणि मोलोकानींचं प्रकरण ही दोन तरी सलग वाचाच. वाचताना वहीत तीन रकाने आखा: पाहिलं, ऐकलं, अनुमान काढलं. प्रत्येक ठाम वाक्य कोणत्यातरी एका रकान्यात टाका. मग चौथा रकाना जोडा: कारण कुठे शोधलं, परिस्थितीत की स्वभावात? हा चौथा रकाना भरला की लेखक कुणाच्या जवळ बसला होता ते आपोआप दिसायला लागतं.

मग हेच तुमच्या साहित्य आढाव्यावर करून बघा. ‘ग्रामीण विद्यार्थ्यांमध्ये विज्ञानाची गोडी कमी असते’, ‘शेतकरी नवं तंत्रज्ञान लवकर स्वीकारत नाहीत’, अशी वाक्यं आपण संदर्भासकट सहज उतरवतो. तो संदर्भ उघडा, त्याचा संदर्भ उघडा, आणि शेवटी कुणी काय पाहिलं होतं तिथपर्यंत जा. ‘असं म्हणतात’ निघालं, तर ते वाक्य तुमच्या प्रबंधातून काढून टाका.

रकाने भरताना कुठे अडलात तर नक्की विचारा. पुढच्या वेळी याच पुस्तकातलं ‘मिर’बद्दलचं प्रकरण घेऊ, हाक्स्टहाउझेनच्या वर्णनाशेजारी ठेवून.